टेकडीमागची वाकडी झाडं

मी, इल्पो तास्किनेन, वय सत्तावन्न, राहणार रांतासालमी, हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाण्याआधी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कॉफीखेरीज काहीही न पिता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे.

१. घर, होडी आणि सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, माझी मुलगी हिल्ला हिला. सौनातल्या वरच्या बाकावर माझ्या आईच्या पाठीने घासून पडलेला गुळगुळीत डाग आहे. त्यावर रंधा मारू नये.

२. कलमं बांधायची सुरीही हिल्लालाच. तिला शिकवलं आहे, तरी पुन्हा लिहितो: खुंट आणि फांदी, दोन्हींच्या सालींखालचा ओला थर एकमेकाला भिडलाच पाहिजे. झाड जाड होतं ते त्याच थरात. तिथल्या पेशींनी कधी आणि कोणत्या दिशेने विभागायचं, ते जनुकं ठरवतात. साध्या भूर्जात पेशी रांगेत राहतात. गाठाळ भूर्जात रांग मोडते, झाड बुटकं, फुगीर होतं आणि लाकडात ज्वाळांसारखी तपकिरी नक्षी उमटते; मोल तिलाच. शाळा मी नववीत सोडली. हे सगळं स्वतः वाचून, खोडं कापून पडताळलं आहे. चूक सापडल्यास हिल्लाने थडग्यावर येऊन सांगावं.

३. टेकडीमागची राई. बाबांनी तिथे एका गाठाळ झाडाचं बी पेरलं होतं. ते म्हणायचे, "सगळी रोपं आईवर जात नाहीत रे. वाट बघ. सरळ वाढतील ती तोड, वाकडी ठेव." बाबा गेले. मी तिशीत आजारी पडून इस्पितळात होतो, तेव्हा थोरला भाऊ ओस्मो हेलसिंकीहून आला आणि मला बरं वाटावं म्हणून एकट्याने राई विरळ केली. घरी आल्यावर मला हाताला धरून तिथे नेलं.

"बघ, वाकडीतिकडी सगळी काढली. कशी ताठ उभी आहेत!"

"बाबांची झाडं तोडलीस तू!"

"अरे, झुडपं होती ती!"

"गाढवा, झुडपंच ठेवायची असतात!"

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

४. सौनामागचं, बाबांच्याच बियांचं एक वाकडं झाड त्याच्या नजरेतून सुटलं होतं. त्याच्या फांद्यांची कलमं मी राईत बांधली. कलमात तीच जनुकं उतरतात, त्यामुळे एकही सरळ निघालं नाही. पण ओस्मोने ठेवलेली उंच झाडं आता त्यांचं ऊन अडवतात. यंदा ती तोडली नाहीत, तर बाबांची झाडं दुसऱ्यांदा संपतील. मला डॉक्टरांनी करवत उचलायला मनाई केली आहे.

म्हणून राई ओस्मोला. त्याने त्या वेळी वापरलेली करवतही त्यालाच. दर शरदात मी तिला धार लावत आलो आहे.

शेजारीण आयली आत्ताच म्हणाली, "मेल्यावर बोलणार का त्याच्याशी? घरात फोन नाही?" तिचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.

५. वरची तरतूद मी शस्त्रक्रियेतून वाचलो तरी लागू राहील. तसं झाल्यास मी शेजारी ओंडक्यावर बसून कोणतं तोडायचं ते दाखवीन.

इल्पो तास्किनेन
रांतासालमी, ९ मार्च २०१९

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. एक प्रत ओस्मोला आजच टपालाने पाठवत आहोत. इल्पोने हरकत घेतली, पण पाकिटावर तिकीट त्यानेच चिकटवलं.

साक्षीदार: आयली पुल्किनेन, रेइनो सावोला