‘प्रकृती उत्तम’

गारखेडा, औरंगाबाद
९ फेब्रुवारी १९९४

ती. दादा यांस,
मनकर्णाचा नमस्कार. इथं सगळे बरे आहेत. वहिनींना गुडघ्याला नुसतं तेल चोळण्यापेक्षा रोज थोडं चालायला सांगा. अर्थात माझं ऐकतं कोण!

तुमची तीन पत्रं आली. तिन्हींत एकच घोषा: आपल्या आरोग्य मंडळाचा इतिहास लवकर लिही, वाळूजचा कारखानदार स्मरणिकेचा खर्च देतोय. गुलमंडीच्या छापखान्याचा माणूस रोज दारात येऊन बसतो. त्याला चहा पाजून मी वैतागले. शेवटी मसुदाही तुम्हीच पाठवलात. मग मी काय नुसती सही ठोकायची?

मसुद्यात म्हणे, ‘पहिल्या दिवसापासून दवाखाना घराघरांत पोहोचला.’ दादा, फुलंब्रीकडच्या त्या पहिल्या गावात दवाखाना मारुतीच्या पारावर भरायचा. सावली होती, जीप तिथवर जायची, तात्यासाहेब पाटील चहा पाठवायचे. तुम्ही तपासायचात, मी नोंदी लिहायचे. बौद्ध वस्तीतून कुणी येत नसे. म्हणून दोन वर्षं दर मंगळवारी मी लिहिलं, ‘वस्ती: रुग्ण नाही. प्रकृती उत्तम.’

अठ्ठ्याहत्तरात विद्यापीठाच्या नामांतरावरून वस्तीतली घरं जाळली, तेव्हा मी पट्ट्या घेऊन एकटी तिकडं गेले. मुक्ताबाई जळक्या दाराशी बसली होती. तिचं पोर दंगलीच्या आधीच हगवणीनं गेलं होतं. मी तिलाच रागावले, पारावर का आणलं नाही?

"आनलं व्हतं, बाई. खाली हुबी व्हते लई येळ. देवाच्या पारावर आमी कसं यावं? तुमी पाह्यलं बी माझ्याकडं."

पाहिलं होतं. ती का थांबलीय हेही मला कळलं होतं. हाक मारली तर पारावरची माणसं उठून जातील, म्हणून मारली नाही. त्या दिवशीही ‘प्रकृती उत्तम’ लिहिलं. सोळा वर्षं हे तुम्हाला सांगायचं टाळलं.

पुढं आपण दवाखाना वस्तीत नेला, त्याचं कौतुक मसुद्यात आहेच. का नेला, ते मी आता लिहिलंय. ‘देणगीदार बिथरतील’ हे पालुपद नका लावू, माझे कान किटलेत. काल मुक्ताबाईला सगळं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "पोराचं नाव घाला. कचरू."

घातलंय. सोबतची पानं जशीच्या तशी छापा. गाळायचंच असेल, तर माझं नाव गाळा.

त्या मंगळवारची नर्स,
तुमची मनकर्णा