दहा झाडं आणि पांढरी पूड

६ जानेवारी २०२५, अमरावती

काहीच नाही! प्लेटभर बुरशी — पांढरी, गुबगुबीत, वेचणीच्या कापसासारखी. माझ्या अर्काच्या थेंबावरसुद्धा चढून बसली आहे.

चार वर्षं एकच काम करते आहे. बांधावरची निर्गुडी तोडायची, पानं सावलीत सुकवायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची. अर्कात उरलंसुरलं पाणी असतं, ते ओढून घ्यायला त्यात पांढरी पूड टाकायची — ती पाणी पिते, मग तीही गाळून फेकून द्यायची. शेवटी आटवून जो हिरवाकाळा लगदा उरतो, त्याचा थेंब संत्र्याच्या डिंक्या रोगाच्या बुरशीवर ठेवायचा. थेंबाभोवती बुरशी मरते आणि स्वच्छ गोल पडतो. बाजूला तुलनेला नुसत्या मिथेनॉलचा थेंब, तिथे कधीच गोल पडत नाही. नोव्हेंबरपर्यंत एकदाही हे चुकलं नव्हतं.

आज दोन्ही थेंब सारखेच. आणि २५ फेब्रुवारीला अकोल्याला समितीपुढे उभं राहायचं आहे. तिथे पसंत पडलं तरच प्रबंध लिहायला घेता येईल.

८ जानेवारी

पुन्हा केलं. पुन्हा काही नाही.

पानं थंडीतली आहेत म्हणून? पण गेल्या जानेवारीत थंडी नव्हती का! बुरशी बदलली? पूड तेवढी नवीन आहे. जुनी बाटली डिसेंबरात संपली, ही सीलबंद आली, सोडियम सल्फेट, पांढरीशुभ्र. नवी पूड जुनीपेक्षा चांगलीच असणार, तिचा काय संबंध.

पुंजाजीभाऊंवर ओरडले. आमच्या प्रयोगशाळेचे ते परिचर, मी इथे यायच्या वीस वर्षं आधीपासून आहेत. म्हटलं, फ्रीज कोणी बंद केला होता? त्यांनी शांतपणे सांगितलं, "म्या नाई केला. तुमचंच काई त चुकून रायलं ताई." आणि वर, "अन् ते बेसीन पा एकदा. चार साल झाले घासून रायलो, निळे डाग जात नाईत." मला बुरशीची पडली आहे, यांना बेसीनची!

१४ जानेवारी, गाव

संक्रांत. सकाळीच चांदूर बाजारची एसटी धरून घरी आले. तिळगुळ तोंडात टाकला आणि थेट आमच्या संत्र्याच्या वाडीत.

सप्टेंबरमध्ये बाबांनी मला प्रयोगाला दहा झाडं दिली होती. खोडातून डिंक गळत होता, साल फाटली होती. बाकीच्या झाडांना दरवर्षीसारखं मोरचूद आणि चुन्याचं मलम, या दहांना फक्त माझा अर्क. हा अर्क मी त्या पुडीने वाळवलाही नव्हता. खोडालाच फासायचा, थोडं पाणी राहिलं तर राहिलं.

आणि आज — दहाच्या दहा कोरडी! एकेकाचा फोटो काढला, नंबर टाकून. दहावं, विहिरीच्या मोटारीपाशी आहे ते, सगळ्यांत सुंदर. डिंकाची खपली नखाने निघाली, खाली हिरवी साल.

तिळगुळाला येईल त्याला बाबा सांगत होते, "माह्या पोरीनं डिंक्यावर औषध काढलं!" मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आई नेहमीसारखी चुलीपाशी. फोटो दाखवले तर तिने बघितलेही नाहीत. "खाय व आधी," म्हणाली.

झाडावर चालतं, प्लेटवर चालत नाही. असं कसं होईल?

२१ जानेवारी

चौथी वेळ. बुरशी मजेत आहे.

२९ जानेवारी

शेवटी रागिणी मॅडमना सांगितलं. गाईड आहेत, कधीतरी सांगावंच लागणार होतं. त्यांनी चारही प्लेटा खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. चष्मा काढला. "आचल, तू आधी चुकत होतीस का आता चुकते आहेस?"

रात्रीचं जेवण गेलं नाही. आधी चुकत होते असं म्हटलं तर चार वर्षं गेली. आता चुकते आहे म्हटलं तर चूक दाखवा. दोन्ही बाजूंनी मीच.

३ फेब्रुवारी

पुंजाजीभाऊ रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवतात. आज बेसीनखालून एक काढली आणि माझ्यापुढे आणून आदळली. "हे तुमची तुमीच धुवा. पाणी लागलं का निळं सुटते, हात खराब होते."

माझ्या जुन्या पुडीची बाटली. लेबल आम्लाच्या वाफेने खाल्लेलं. ‘— सल्फेट, अ‍ॅनहायड्रस’, म्हणजे निर्जल, एवढंच शिल्लक. आधीचा शब्द पहिल्या दिवशीही नव्हता. कपाटात सोडियम सल्फेटच्या रांगेत होती, म्हणून सोडियम. मी कधी विचारलंच नाही!

तळाला चिमूटभर पूड चिकटलेली होती, पांढरी. काचेवर घेतली. पाण्याचा थेंब टाकला. निळी झाली.

पुंजाजीभाऊ खांद्यावरून बघत होते. "हे त मोरचूद व्हय," म्हणाले. "आमच्या वावरात पोतं हाय."

म्हणजे कॉपर सल्फेट, तांबं. कोरडं असताना पांढरं, पाणी प्यायलं की निळं. आणि निर्गुडीच्या हिरव्या अर्कात निळं कुणाला दिसतंय!

संत्रावाल्याची पोरगी मी. मोरचूद बघत लहानाची मोठी झाले. दरवर्षी बाबांचे हात निळे बघितले. आणि चार वर्षं तेच मोरचूद गाळणीतून जाऊन माझ्या अर्कात उतरत होतं!

४ फेब्रुवारी

नाही, असं लगेच मानायचं नाही. मिथेनॉलमध्ये उतरतं तरी का ते? पाहायला हवं.

तुलनेचा थेंब मी कधीच पुडीतून काढला नव्हता. नुसतं मिथेनॉल सरळ बाटलीतून घेत होते. निर्गुडीला पूड, तुलनेला काहीच नाही. बी.एस्सी.च्या पोरीला मी यावरून रागावले असते. शेजारच्या विभागातून मोरचूद आणलं, तापवून पांढरं केलं. मिथेनॉलमध्ये थोडं पाणी, वर ती पूड, गाळलं. निर्गुडीचं एक पानही नाही. लावलं.

७ फेब्रुवारी

गोल पडला. मोठा, स्वच्छ, अगदी माझा जुना गोल.

टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन पुंजाजीभाऊंना सॉरी म्हटलं, त्या फ्रीजबद्दल. ते म्हणाले, "कायचं सॉरी? बेसीन तेवढं घासून टाका."

१० फेब्रुवारी

मॅडमना सगळं सांगितलं. "चार वर्षं मी पण सह्या केल्या ना," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एकदम सावरून बसल्या. "झाडांना दिलेला अर्क पुडीतून काढला होतास?" म्हटलं नाही. "मग त्यात तांबं नाही. आणि झाडं बरी झाली." मी मान हलवली. "अकोल्याला झाडं दाखव. प्लेटांचं खरं सांग आणि झाडं दाखव. पुन्हा जाऊन नीट फोटो काढ, जवळून."

खरंच की! त्या दहा झाडांत तांबं कुठून येणार? म्हणजे निर्गुडीत काहीतरी आहेच. प्लेटवर का दिसत नाही ते नंतर शोधू. आज पोटभर जेवले.

१६ फेब्रुवारी, गाव

कसं लिहू.

पहिल्या झाडाचा फोटो काढायला वाकले. सालीच्या भेगेत फिकट निळं. बोटाने खरवडलं, बोट निळसर. दुसऱ्या झाडालाही. तिसऱ्यालाही. पुढे गेलेच नाही, तिथेच मातीत बसले.

आधी वाटलं बाबांनी. पण बाबांनी तर गावभर सांगितलं होतं, या दहांना कुणी हात लावायचा नाही! घरात आले. आई भाजी निवडत होती. माझं बोट बघितलं आणि तिचे हात थांबले.

"मी लावलं व," म्हणाली. "तू गेली अन् पंधरा दिवस डिंक तसाच. मले पायवलं नाई. झाड बी जाईन अन् तुह्य नाव बी जाईन, असं वाटलं. तुह्या बाबाले नको सांगू."

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. चार वर्षं म्हटलं, सत्यानाश म्हटलं. ती मध्येच, "ऐक त, त्या मोटारीपासच्या —" पण मला काही ऐकायचं नव्हतं. पिशवी उचलली आणि स्टँडवर आले. आईने डबा भरून ठेवला होता, तो तिथेच ओट्यावर राहिला.

१८ फेब्रुवारी

हे कुणालाच माहीत नाही. आई सांगणार नाही. मॅडम म्हणतात, फोटो भारी आहेत. जानेवारीतल्या फोटोत निळं दिसतही नाही, कितीही मोठा केला तरी. पाहिलं मी.

पाहिलं म्हणजे काय? कशाला पाहिलं? मी असं काही करणार होते का? मलाच कळत नाही.

आईची एवढी चीड येते आहे, आणि डोळ्यांपुढे येतं ते तिचं चोरून मोरचूद कालवणं. बाबा बाजाराला गेल्यावर कालवलं असेल. खोडाशी वाकून, कंबर दुखते तिची.

२४ फेब्रुवारी

झाडांची स्लाइड काढून टाकली. परत घातली. परत काढली.

२५ फेब्रुवारी, अकोला

झालं.

पहिल्याच स्लाइडवर सांगितलं — चार वर्षं बुरशी मारत होतं ते मोरचूद, माझी निर्गुडी नाही. मागे कुणीतरी हसलं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "मग निर्गुडीत काय आहे?" म्हटलं, माहीत नाही सर. मॅडमनी चिठ्ठी पाठवली, ‘झाडं?’ मी माइकवरच सांगितलं, झाडांनाही नंतर मोरचूद लागलं होतं, म्हणून तो प्रयोगही धरता येत नाही. कुणी लावलं ते सांगितलं नाही.

नामंजूर. वर्षभराने पुन्हा या, सगळं नव्याने करून. एक बाई जाता जाता म्हणाल्या, "तुलनेचा थेंब सगळ्यांना शिकवा आता." टोमणा होता की कौतुक, कळलं नाही.

परतीची एसटी मूर्तिजापूरला थांबली. मॅडमनी उतरून दोन चहा आणले. एक माझ्या हातात दिला.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सुट्टी. दिवसभर झोपले. आईचे दोन मिस्ड कॉल.

१ मार्च

आज उचलला. आई आधी रडली, मग मी. मग ती म्हणाली, "तू त्या दिवशी ऐकूनच घेतलं नाई. मोरचूद नऊच झाडायले पुरलं व. बाबा आले तेवढ्यात, म्या भांडं लपोलं. मोटारीपासच्या झाडाले काईच नाई लागलं. त्याले तुह्यच औषध हाय."

दहा नंबर. खपली नखाने निघाली होती, खाली हिरवी साल.

एक झाड म्हणजे पुरावा नाही. डिंक कधी कधी आपोआपही थांबतो, मला माहीत आहे.

तरी लगेच बाबांना फोन केला. म्हटलं, मोटारीपासच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. आईने तर नाहीच नाही.