एकच नग

२ डिसेंबर १९३४, रविवार
आजपासून रोजनिशी. मन स्वच्छ ठेवायचे तर ते रोज तपासले पाहिजे.

शांतम्माची जखम पूर्ण भरली, असे डॉक्टरांनी सांगितले. डावा स्तन काढला, गाठ गेली, बायको वाचली. ('स्तन' लिहिताना पेन अडखळले. मी बी. ए. झालेला भूमितीचा मास्तर. अडखळायचे कारण नाही. नोंद करून ठेवतो.)

पुढल्या रविवारनंतरच्या रविवारी दुधनीला हेमावतीच्या सासरी कुबसाचा समारंभ. आमच्या मुलीला सातवा महिना. आईने नेलेली हिरवी चोळी सगळ्या बायकांसमोर लेकीला घालायची. आणि शांतम्मा म्हणते, "मी जात न्हाई. अव्वांना धाडा." अव्वा म्हणजे माझी आई.

कारण उघड आहे. लाज वाटते. उपाय मी शोधीन. तिला काही विचारून दुखवायचे नाही, असा संकल्प.

४ डिसेंबर, मंगळवार
डॉक्टरांकडे गेलो. विलायतेत पाठीचे मांस वळवून छातीवर आणतात, असे मासिकात वाचले होते. ते म्हणाले, काही सर्जन करतात. कुणी पोटाची चरबीही लावून पाहतात. ती कधी विरघळते, कधी सडते. शिवाय भरलेली जखम पुन्हा उघडायची, आणि दुखणे उलटले तर त्याच्याखाली दडून राहायचे. मग चष्म्यावरून पाहत विचारले, "हे हवंय कुणाला, मास्तर? बाईंना?"

अर्थातच, म्हणालो. (बाईंना विचारलेले नाही. पण त्यांच्या हितापुरते मी त्यांच्या वतीने बोलू शकतो. शकतो ना? विचार करणे.)

पर्याय तीन: पाठ, पोट, किंवा वरून काहीतरी बांधणे. तिसरा पसंत केला.

निघताना डॉक्टर म्हणाले, व्रणाला रोज तेल लावा, हात वर न्यायला मदत करा. ते अव्वा करते. पुरुषाने केले तर रोग्याला संकोच वाटतो. मी बाहेरच्या खोलीत झोपतो तेही तिला धक्का लागू नये म्हणूनच. जखम भरली, तरी सावधगिरी बरी.

६ डिसेंबर, गुरुवार
मापाचा प्रश्न. अर्धगोल धरणे ढोबळ होईल. उजव्या बाजूवरून काढावे लागेल, पण विचारणे अशक्य. ती भाकरी थापत असताना दारात उभा राहून अंदाज घेतला.

"काय बगताय?"

भाकरी, म्हणालो.

"मग भाकरीकडं बगा की."

आणि दोन जास्त वाढल्या. खोटे बोललो होतो, म्हणून दोन्ही खाल्ल्या.

८ डिसेंबर, शनिवार
रामहरी शिंप्याकडे गेलो. नाटकात बाईचे काम करणाऱ्या पुरुषांचे सगळे तोच शिवतो. सावरीच्या कापसाचे, मांजरपाटात भरलेले, हुबेहूब. अशी कल्पना सोलापुरात दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

एकच नग पाहिजे, म्हणालो.

"एकच? आवो मास्तर, एका अंगानं बाई कशी हुबी ऱ्हायची स्टेजवर? जोडीच शिवतो मी."

स्टेज हा शब्द मी काढला नव्हता. खोडलाही नाही. म्हणजे असत्य माझे नाही.

मग त्याने विचारले, अंग कुणाचं? मी फळीवरच्या कापडांकडे पाहू लागलो. "कळलं, कळलं," म्हणाला, आणि टेप माझ्याच छातीभोवती टाकली. "लाजू नका. लई मोठमोठी मानसं येऊन गेली हितं."

१० डिसेंबर, सोमवार
हेडमास्तरांनी सर्वांदेखत अभिनंदन केले. गॅदरिंगच्या नाटकात नायिकेच्या आईचे काम करायला एकही मास्तर तयार नव्हता. रामहरीने बातमी पोचवली होती. "विरुपाक्षराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

नकार दिला तर जोडी कशाला, हे सांगावे लागेल. म्हणजे शांतम्माची गोष्ट चव्हाट्यावर. होकार दिला. ह्याला त्याग म्हणता येईल. मिशी मात्र काढावी लागेल.

१२ डिसेंबर, बुधवार
जोडी शांतम्माला दिली. आधी तिन्ही पर्याय समजावून सांगितले.

"पाठीचं मांस? माज्या?"

हो, म्हणालो.

"कुणाला इच्यारून?"

मी तत्त्व समजावू लागलो. तेवढ्यात तिने दोन्ही नग उचलून माझ्या सदऱ्यावर धरले. "अव्वा, बगा हो तुमच्या लेकाला. शोभतंय की!" अव्वा भिंतीला टेकून हसत सुटली. शांतम्माही. ऑपरेशननंतर ती प्रथमच हसली, तेव्हा योजना काही अंशी सफल म्हणायला हरकत नाही.

हसणे थांबल्यावर म्हणाली, दुधनीच्या बायकांची लाज तिला नाही. "त्या येकदा बगतील, हळहळतील, जेवाय बसतील. घरच्या मानसानं अजून बगितलं न्हाई. नवऱ्याच्यानं बगवंना, असलं अंग घिऊन पोटुशा लेकीम्होरं कशी जाऊ? येकदा बगा. तेल तुमी लावा. मग जाते."

अवश्य, म्हणालो. पण कंदिलाची काच काजळली होती. अशी गोष्ट दिवसाउजेडी व्हावी.

१३ डिसेंबर, गुरुवार
सकाळी शाळेची घाई. संध्याकाळी तालीम.

१४ डिसेंबर, शुक्रवार
पाहिले.

ती तेलाची वाटी घेऊन खिडकीशी बसली. ऊन चांगले होते. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी छातीवर लोंबत होती. मी तिथे एकाग्र झालो.

"बगितलं?"

हो.

"काय बगितलं?"

डबी काळी पडली आहे, घासायला हवी, म्हणालो.

तिने चोळीची गाठ मारली. वाटी माझ्या हातातच राहिली.

१६ डिसेंबर, रविवार
पहाटेच्या गाडीने शांतम्मा अव्वाबरोबर दुधनीला गेली. जोडी फळीवर ठेवून. पदर नेहमीसारखा, चोळी डावीकडे सैल. दारात म्हणाली, "तुमी बगायची वाट बगत मी बसले तर हेमाचं लेकरू चालाय लागंल. तेल तीच लावंल."

मीही जाणार होतो. पण समारंभ बायकांचा, आणि आज रंगीत तालीम.

न्हाव्याने मिशी काढली. घरी येईपर्यंत ओठांवर रुमाल धरून चाललो. वाऱ्याने जरा सरकला, तर शेजारच्या सिद्धलिंगप्पांनी थांबवले, "कोण गेलं, मास्तर?" कुणी नाही, म्हणालो. त्यांना पटले नाही. बोलताना ते सारखे तिकडेच पाहत होते. माणसाने थोडे दुसरीकडे पाहायला काय हरकत आहे?

तालमीतही रुमाल सोडवेना. हेडमास्तर म्हणाले, आईचे तोंड दिसले पाहिजे.

शांतम्मा मंगळवारी परत येईल. तोवर मिशी उगवणार नाही. ती आल्या आल्या बघेल.