पवळ्या जळाला त्या सकाळचं खरं

प्रिय दादा,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. उजव्या खांद्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, हाडाला जुना मार दिसतोय. कशाचा?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "ह्यांच्या भावानं, म्हंजे माझ्याच मालकानं मारलेलं. राक्षस व्हता!" आणि मी गप्प बसलो. म्हणून हे पत्र.

किती जोरात मारलंस रे! कुऱ्हाडीचा दांडा खांद्यावर बसला आणि आत वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मी पडलो तरी तू लाथा घालतच होतास.

पण चूक कुणाची होती? राहनाळच्या शेतात आपण दोघं पेरणीआधीचा राब भाजत होतो. पालापाचोळा पेटवायचा, हिरवा फांदा धरून उभं राहायचं, वारा फिरला की आग झोडपायची. एवढंच माझं काम! आणि मी बांधावर डोळे मिटून, चालीवर, शाळेतल्या कविता म्हणत पडलो. आग पेंढ्याच्या उडवीला लागली. तिला खेटून पवळ्या बांधलेला. बैल तसा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दावं जळून तुटलं, तो पेटलेलाच धावला आणि बांधावर कोसळला. मग तू माझ्याकडे वळलास.

बाबा कोयता घेऊन आले. "राब कोनी पेटवला? मुंडकं छाटतो त्याचं!"

तू म्हणालास, "मी. वारा बघितला न्हाय."

त्यांनी आसुडाने तुझ्या पाठीची सालटी काढली. "मंग धाकल्याला का मोडलास?" त्यावर तू शब्द काढला नाहीस. का रे दादा? मला मारायचं ते फक्त तूच, असं?

गाव म्हणालं, बैल स्वतः जाळला आणि राग भावावर काढला. वहिनी तेव्हा नवी नवरी. पुढे तू फळीवरचा डबा काढायला हात वर केलास तरी ती मान आत घ्यायची. मी आयुष्यभर ते बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं! पण लोक मला बिचारा, कवितावेडा म्हणत, आणि ते मला आवडायचं. लिहायला लाज वाटते.

आता तीच रोज येते, भाकरी कुस्करून भरवते, खांद्याचा व्यायाम करून घेते.

"भाऊजी, भित्तीवर बोटं चढवा. आनखी! न्हायतर मी वढीन."

"वहिनी, मरतो!"

"मरा, पन हात वर करून मरा!"

मग हळूच म्हणते, "त्यांचं पाप फेडते, दुसरं काय?" तो घास गिळवत नाही रे.

तुझी शपथ, उद्या ती आली की पहिल्या घासाआधी सांगेन, राब मी पेटवला होता. ताट उचलून नेलं तर नेऊ दे. कानफटात मारली तर खाईन. पण तुझ्यासाठी तिने एकदा तरी रडायला हवं. तुझ्या तेराव्यालाही ती रडली नाही, दादा.

तुझा धाकला,
बाळ्या