पत्र्याखालचा आकडा

सोमवार, ११ मे

आज ४२.८! काशीमीऱ्याच्या आमच्या गोदामात सात वर्षांची वही आहे, तिच्यातला सगळ्यात मोठा आकडा. पत्र्याखाली त्रेचाळीस झालं की चारपर्यंत माल उतरवणं बंद – असा नियम आहे, पण तो आजवर कधी लागलाच नाही. रोज दुपारी दोनला थर्मामीटर बघून लिहायचं काम माझं. उत्तमदादा ट्रकवरून ओरडतात, "समिधाताई, लागला का आकडा?" मटका असल्यासारखं! बाकीचे हमाल सगळे हसतात. मला हल्ली हसू येत नाही. आत पाऊल टाकलं की आधी थर्मामीटरकडेच नजर जाते.

मंगळवार, १२ मे

४२.५. हुश्श!

बुधवार, १३ मे

दोन वाजता – ४५.१. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तेच. सुपरवायझर स्वप्नील म्हणाला, "सात वर्षांत कधी गेलंय का एवढं? मीटर बिघडलाय, मॅडम. बाहेर पाच गाड्या उभ्या आहेत!" मलाही तसंच वाटलं. खरं तर वाटून घेतलं. वहीत ४२.६ लिहिलं. उत्तमदादांनी विचारलं, तेव्हा नुसती मान हलवली – नाही लागला.

साडेतीनला ते गोणीसकट कोसळले. अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही!

गुरुवार, १४ मे

उत्तमदादा आयसीयूत. शुद्ध नाही. त्यांची बायको आनंदीवहिनी बाहेर बाकावर बसून. उलट मलाच धीर देतात – "तुम्ही काय करणार, ताई? त्रेचाळीस झालं असतं तर तुम्ही थांबवलंच असतं ना काम." मी हो म्हटलं. हो! जीभ कशी झडली नाही माझी?

शुक्रवार, १५ मे

नवा थर्मामीटर मागवलाय. सकाळपासून एकच धोशा – देवा, जुना बिघडलेलाच निघू दे. दुपारी लक्षात आलं, उत्तमदादांसाठी काही मागायचं राहूनच गेलं. भीतीने माणूस किती हलकट होतो!

शनिवार, १६ मे

नवा जुन्याच्या शेजारी लावला. दोन वाजता दोन्हींवर ४३.९. काम थांबवलं.

पाचला आनंदीवहिनींचा फोन. उत्तमदादा गेले. "घरी अजून कुणाला सांगितलं नाही," म्हणाल्या, "आधी तुम्हालाच केला."