किडनी माझी, सोमवार कमळचे

३ फेब्रुवारी २०२५
क्रिएटिनिन ३.४. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही किडन्या जेमतेम पाव हिस्सा काम करतायत. दहा वर्षं बीपीकडे बघितलं नाहीत, असंही सुनावलं. मी म्हटलं, मॅडम, टेमघरच्या या तुळशीरामने खाजणाच्या दलदलीवर तीन गोडाऊन उभी केली, त्याच्यापुढे किडनी काय चीज आहे. त्या हसल्या नाहीत.
आजपासून मीठ बंद. ही वही त्यासाठीच आणलीय. शिस्त म्हणजे शिस्त.

५ फेब्रुवारी
बिनमिठाची भाजी. कमळ आता दोन स्वयंपाक करते, माझा वेगळा, घराचा वेगळा. बायको आहे, तेवढं करतेच. दुपारी सुकटीची चटणी बोटाने चाटली. चाटणं म्हणजे खाणं नव्हे.

११ फेब्रुवारी
पेनकिलर कायमच्या बंद. किडनीला विष आहे म्हणे. घरात चार पाकिटं पडून होती. फेकायची कशी? कमळला दिली. तिचे गुडघे दुखतात. खूश झाली बिचारी.

२ मार्च, सकाळी
बीपीचं मशीन आणलं. माझं १६०/९६. आकडा पटेना, म्हणून मशीनची परीक्षा घ्यायची ठरवली. कमळ भाकऱ्या थापत होती, तिला उठवलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला. १९४/११२! घरात बसणाऱ्या बाईला एवढं बीपी? मशीन भंगार.

२ मार्च, दुपारी
दुकानदाराशी भांडून मशीन बदललं. तो सारखा म्हणत होता, सेठ, मशीन ठीक है, भाभी को दिखा लो. माल परत घ्यायचा नसला की हे लोक काहीही बोलतात. नवीन मशीनवर फक्त माझंच बीपी बघायचं. चार हात लागले की वस्तू बिघडते.

७ मार्च
पडघ्याला भाच्याची हळद. न जेवता उठलो असतो तर बहीण जन्मभर बोलली असती. मटण, तेही दोनदा. उद्यापासून कडक.

२४ मार्च
कमळने माझ्यासाठी सोमवार धरलेत. निर्जळी. पाण्याचा थेंब नाही. आमची मुलगी दिपाली फोनवर ओरडली, बाबा, या उन्हात आईला पाणी तरी प्यायला सांगा. कमळच म्हणाली, मना काय धाड भरलीय, यांना बरा वाटू दे. मीही आग्रह केला नाही. देवाच्या कामात आपण पडू नये.

१० मे
कमळची कुरकुर वाढलीय. दुपारची आडवी होते, जेवणावर वासना नाही म्हणते. पाय चपलेत मावत नाहीत, म्हणून एक नंबर मोठी चप्पल आणून दिली. माहेरी खारबावला चार दिवस जाऊन ये म्हटलं, तर म्हणाली, मग तुमचा बिनमिठाचा कोन करील? समजूतदार आहे.

१६ जून
क्रिएटिनिन ५.१. एवढं पथ्य पाळूनही! गोळ्यांतच काहीतरी खोट असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनी बदलावी लागेल, डायलिसिसची वेळ यायच्या आत घरातला डोनर शोधा.
घाबरलो. वहीशी कशाला खोटं बोलायचं.

१९ जून
धाकटा भाऊ अनंता नाही म्हणणारच नाही, अशी खात्री होती. एक गोडाऊन त्याच्या नावावर आहे. किडनीचं नाव काढल्याबरोबर त्याची पाठ धरली. आमचा मुलगा भाविक तयार होता, पण मीच थांबवलं. त्याचं लग्न व्हायचंय, मुलीकडचे काय म्हणतील? दिपालीच्या सासरी विचारणं बरं दिसत नाही.
कमळ पाणी घेऊन आली आणि म्हणाली, माझी घ्या, मना दोन कशाला? तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. म्हणजे ती गृहीतच धरलेली होती.

९ जुलै
कमळच्या तपासण्या. नर्सने वय विचारलं. मी पन्नास म्हणालो, ती हळूच म्हणाली, त्रेपन्न. ब्लड ग्रुप जुळला! ऑपरेशननंतर महिनाभर कामाला बाई ठेवायची आणि कमळला आराम द्यायचा. हे मला कुणी सुचवलं नाही, माझं मीच ठरवलं.

११ जुलै
कमळचं क्रिएटिनिन ७.३.
मी म्हटलं, रिपोर्टची अदलाबदल झालीय. पुन्हा रक्त घेतलं. ७.४. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. तुमच्याआधी यांनाच डायलिसिस लागणार, पुढच्या आठवड्यातच सुरू करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
पायांना सूज कधीपासून आहे, असं त्यांनी कमळला विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मला माहीत होतं, मोठी चप्पल मीच आणली होती. गोळ्या काही घेत होतात का? तर कमळ म्हणाली, हां, यांनीच दिलेल्या, लय गुन आला. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.
परत येताना गाडीत म्हणाली, मी तुमच्या कामाला न्हाय आले. मी म्हणालो, असू दे. माफ केल्यासारखं! बोलून गेलो आणि वाटलं, स्वतःच्या थोबाडीत मारावी. मारली नाही. ड्रायव्हर होता.

१३ जुलै
रविवार. घर माणसांनी भरलं. अनंता, पडघ्याची बहीण, दिपालीच्या सासरचे. सगळ्यांना एकच घोर, आता तुळशीरामला किडनी कोण देणार? दिपाली आतून काही बोलली, तिला तिच्या नवऱ्याने गप्प केलं. कमळ सुजल्या पायांनी सगळ्यांना चहा देत होती. तिला किडनी कोण देणार, हे कुणीच विचारेना.
मी विचारायचं ठरवलं. घसा साफ केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कमळही ट्रे घेऊन थांबली.
चहात साखर कमी आहे, म्हणालो.