वर्षाच्या आत घातलेल्या कुरडया

ती. कुसाआक्का यांना, नाशिकहून कोंडाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे (उजवा जास्त, हे लक्षात आहे) आणि खंडेरावांचा खोकला, दोन्ही नामपूरच्या उन्हाने शेकून निघाले असतील अशी आशा. फोनवर माझ्या तोंडून हे क्रमाने निघणार नाही, म्हणून लिहितो.

तुमची बहीण जाऊन परवा सात महिने झाले. एवढ्या दिवसांत वैष्णवीने दहावीची परीक्षा दिली, माझ्या हातच्या भाकरी विनातक्रार खाल्ल्या, पण आईचं नाव एकदाही काढलं नाही. तिला त्रास नको म्हणून मीही काढलं नाही. घरात नुसता पंखा बोलायचा. त्यात गेल्या सोमवारी डब्यात तृप्तीने निवडून ठेवलेले चार किलो गहू सापडले, मागच्या उन्हाळ्यात कुरडयांचे राहून गेलेले. मोटर रिवाइंडिंग मी कोणाकडून शिकलो नाही, मग कुरडई काय चीज. गहू तीन दिवस भिजवले, रोज सकाळी सहा दहाला पाणी बदललं (वास सुटतो हे कोणी सांगितलं नव्हतं, शेजारी टाकीत मेलेला उंदीर शोधत होते). चीक शिजवला. फिरकीचा सोऱ्या फिरवून मनगट भरून आलं, म्हणून त्याला ड्रिल मशीन जोडलं. वेग सर्वांत कमी ठेवला होता, हे नमूद करतो. तरी पहिली कुरडई प्लास्टिकवर न पडता शेजारच्या झुंबरबाईंच्या वाळत घातलेल्या साडीवर गेली.

झुंबरबाई गच्चीवर आल्या. म्हणाल्या, “भाऊ, वर्षाच्या आत घरात कुरडया घालतात का? दुसऱ्यांनी आणून द्यायच्या असतात.” ही रीत मला खरोखर ठाऊक नव्हती. मी ड्रिल बंद केलं. तर वैष्णवी म्हणाली, “काकू, गहू आईने निवडलेत. आणि आई असती ना, तर पप्पांना सोऱ्याला हातसुद्धा लावू दिला नसता.” आणि हसली. मग रडली. मग मी, मग झुंबरबाई (त्या साडीसाठी असाव्यात). मग हातानेच सोऱ्या फिरवून कुरडया घातल्या, उरलेला चीक तिघांनी दूध-साखर घालून तिथेच खाल्ला, आणि पोरगी दुपारपर्यंत आईबद्दलच बोलत होती. आक्का, सात महिन्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

कुरडया एकूण एकतीस, पैकी गोल नऊ. दोन सोबत पाठवतो.

आपला,
कोंडाजी

ता. क. मोडलेल्या निघाल्या तर कुरिअरवाल्याला बोलू नका, त्या तशाच होत्या.

ता. क. २. रीतीप्रमाणे तुम्ही आमच्यासाठी कुरडया पाठवालच. पाठवू नका, घेऊन या, आणि पंधरा दिवस राहा. आई माझ्याएवढी असताना कशी होती, असं वैष्णवी रोज विचारते. मला तृप्ती लग्नापासूनची माहीत. त्याआधीची एकोणीस वर्षं चार महिने तुमच्याकडे आहेत.